मोरपंखी वाचली, दगडफूल गेलं

सुपातलं दगडफूल निम्मं निवडून झालं आणि पुष्पलताबाईंचा हात थांबला. एका कडेला निवडलेल्या करड्या पापड्या, दुसऱ्या कडेला न निवडलेला ढीग, मध्ये सालींचे तुकडे, काड्या, बारीक खडे. खोबरं किसून झालं होतं. धणे परतायचे होते, गच्चीत वाळत घातलेल्या बेडगी मिरच्या खाली आणायच्या होत्या. वर्षाचा मसाला म्हणजे त्यांच्या घरातला सणच. एरवी त्या रामरक्षा म्हणत म्हणत दगडफूल निवडायच्या आणि सूप कधी रिकामं झालं ते कळायचं नाही. यंदा मात्र पापडी बोटात धरली की रामरक्षा मध्येच तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून धरावी लागायची.

"काय गं, खडा टोचला का?" यजमानांनी पेपरातून डोकं वर केलं.

"नाही हो. पाठ भरून आली."

"मग ठेव ते. मसाला काय पळून जातोय?"

त्या उठून ओट्याशी गेल्या, भांडंभर पाणी प्यायल्या. ओट्यासमोरच्या खिडकीतून खालचं दाजींचं अंगण दिसतं, नव्हे, दिसायचं. गेल्या आठवड्यात पुष्पलताबाईंनी त्या खिडकीला पडदा लावला होता. स्वयंपाकघराला कधी कुणी पडदा लावतं का, असं यजमान म्हणाले होते. ऊन येतं, असं त्यांनी सांगितलं. खिडकी उत्तरेकडची. यजमानांनी पुढे विचारलं नाही.

पुष्पलताबाई मूळच्या संगमेश्वराकडच्या. वडिलांची सुपारीची बाग होती, थोडे आंबे होते. लग्न होऊन भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यात आल्या तेव्हा या बिल्डिंगच्या पायऱ्यांना अजून लाद्या बसायच्या होत्या आणि गच्चीतून मिठागरांचे पांढरे ढीग दिसायचे. यजमान हाटकेशच्या एका कारखान्यात फिटर होते. मुलगा सुयोग आता पुण्याला असतो. बाई कुठे नोकरीला गेल्या नाहीत, पण बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांच्या शाळेनंतरच्या दुपारी त्यांच्याच घरात गेल्या. पहाटे पूजा, गुरुवारचा उपास, एकादशी, संध्याकाळी दिवा लावून दाजींच्या अंगणातल्या गावदेवीला एक प्रदक्षिणा. आयुष्यात कुणाला फसवलं नाही, कुणाचं काही बुडवलं नाही. हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा थोडासा अभिमानही होता. गेल्या आठवड्यापर्यंत.

दाजी म्हणजे इथले जुने भूमिपुत्र. शेतं गेली, शेतांवर बिल्डिंगा आल्या, पण कौलारू घर, अंगण आणि गावदेवीची घुमटी दाजींनी सोडली नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं नव्या फ्लॅटांत राहायला गेली. दाजी मात्र घुमटीशेजारच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत असतात.

त्या कट्ट्याला लागूनच मोरपंखी आहे. ती पुष्पलताबाईंचीच. सुयोग लहान असताना काशीगावच्या नर्सरीतून त्यांनी ती कुंडीत आणली होती. गॅलरीत मावेना झाली तेव्हा दाजी म्हणाले, "आन गो इथं, देवीच्या बाजूला लाव. तुज्या पोरासारखी वाडंल." आणि खरंच वाढली. मोरपंखी सगळीकडे असते हो. सोसायटीच्या कंपाउंडला सेक्रेटरी मितेशभाईंनी रांगेने लावलीय, शाळेत आहे, बँकेच्या दारात आहे. पण दाजींच्या अंगणातली कुणी छाटली नाही, म्हणून ती दोन पुरुष उंच झाली, मांडीएवढं खोड झालं. आसपासच्या कितीतरी पोरांनी तिची पानं 'विद्या' म्हणून वह्यांत घातली.

त्यात कृतिकाही होती. कृतिका वरच्या मजल्यावरची. आई नोकरीला, म्हणून पहिलीपासून दहावीपर्यंत हिच्या दुपारी पुष्पलताबाईंकडे आणि संध्याकाळी दाजींच्या कट्ट्यावर. आता ती कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं शेवटचं वर्ष करत होती. होळीनंतर एकदा ती भिंग घेऊन मोरपंखीच्या खोडाला नाक लावून उभी राहिली, ती तासभर हललीच नाही.

"काय गो, मुंग्या मोजतंस का?" दाजींनी विचारलं.

"आजोबा, तुमच्या झाडावर खजिना आहे!"

पुष्पलताबाई तेव्हा प्रदक्षिणा घालत होत्या. त्याही थांबल्या. कृतिकाने दोघांना कट्ट्यावर बसवून शिकवणीच घेतली. "तुमच्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना काकू, ते लायकेन. म्हणजे एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघं एकत्र राहतात. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं."

"म्हणजे संसारच की," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"आनि भांडन झालं मंग?" दाजी.

"मग दोघंही मरतात आजोबा. आणि त्याला मुळं नसतात. हवेतून मिळेल त्यावर जगायचं. हवा बिघडली की ते संपलं. वर्षाला नखभरसुद्धा वाढत नाही."

"आन्‌ ही?" दाजींनी मोरपंखीकडे मान केली.

"ही पाइन-देवदारांच्या नात्यातली. मूळ थंड मुलखातली, पण कुठेही लावा, जगते. हे बघा, हिचे शंकू." तिने शिंगं फुटल्यासारखं एक हिरवं-निळसर बोंड तोडून दाखवलं. इतकी वर्षं पुष्पलताबाई त्याला कळी समजत होत्या. "माझं प्रोजेक्ट हेच आहे. सगळीकडे सापडणारं झाड आणि कुठेच न सापडणारं दगडफूल, दोघांची तुलना. आणि दोघं एकाच ठिकाणी! कॉलेजच्या मॅडमना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या, या बाजूला हे कधी पाहिलं नाही. मी येऊन स्वतः बघते, तोवर खरवडू नकोस, हात लावू नकोस. काकू, तुमच्या खिडकीतून दिसतं ना? लक्ष ठेवाल?"

"ठेवते की. त्यात काय."

असं त्या म्हणाल्या. आणि खोडाकडे बघितलं तेव्हा त्यांना वरच्या अंगाला, फांदी फुटते तिथे, करड्या पापड्या दिसल्या, अगदी सुपातल्यासारख्या. हेच ते, असं त्यांनी मनाशी धरलं. खाली कमरेच्या उंचीवर सालीला पिवळट-पांढरे चट्टे पडले होते, खरजेसारखे. त्यांच्याकडे बघून त्यांना शिसारीच आली. त्याविषयी विचारावं असं मनातही आलं नाही.

मग उन्हं तापली आणि मोरपंखी एका अंगाने तांबूस पडायला लागली. पुष्पलताबाईंना बघवेना. सुयोगच्या बरोबरीने वाढलेलं झाड. त्यांनी पाणी घातलं, शेणखत घातलं, देवीला नारळ बोलल्या. आणि मग त्यांना वडील आठवले. सुपारीला, आंब्याला रोग दिसला की वडील चुना आणि मोरचूद कालवायचे आणि खोडाला लेप द्यायचे. आकाशी रंगाची खोडं बागेत ओळीने उभी असायची. ते लहानपणी बघितलेलं औषध त्यांच्या हातातच होतं म्हणा ना. मसाल्याचं सामान आणायला भाईंदरला गेल्या तेव्हा काष्ठौषधीच्या दुकानातून मोरचूदही आणलं. चुना दाजींच्या अंगणात होताच. देवीची पालखी जवळ आली म्हणून ते घुमटी रंगवत होते.

दुपारी दाजी बाजेवर पडलेले. बादलीचा आवाज झाला तसा एक डोळा उघडला. "काय करतंस गो?"

"झाडाला औषध देते दाजी. खरूज झालीय खोडाला."

"दे दे," म्हणून त्यांनी कूस बदलली.

पुष्पलताबाईंनी काथ्याने आधी ते चट्टे घासून काढले. मग त्यावर दोन हात लेप दिला. आणि वरच्या पापड्यांना एक थेंबसुद्धा लागू नये म्हणून त्यांनी पदर खोचून, स्टुलावर चढून, तिथे जुनं फडकं बांधलं. कृतिकाची ठेव आहे, जपायला हवी. काम संपल्यावर त्यांना फार बरं वाटलं. मितेशभाई गेटमधून जाताना थांबले सुद्धा. "भाभी, आपका झाड तो एकदम व्हीआयपी हो गया! हमारी लाइन को भी लगा दो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी कृतिकाचा आवाज आला. पुष्पलताबाई ओट्याशी आमटी ढवळत होत्या.

"आजोबा! हे काय केलंत?"

दाजी घुमटीपाशी उभे, हातात चुन्याचा कुंचा. कृतिका खोडावर बोटं फिरवत होती आणि बोटांना पांढरं लागत होतं. "सगळं घासून टाकलंत? मी सांगितलं होतं ना हात लावू नका! मॅडम पुढच्या आठवड्यात येणार होत्या. मी तुकडासुद्धा काढून ठेवला नाही, तुमच्या भरवशावर!"

तेव्हा पुष्पलताबाईंना कळलं. वरच्या पापड्यांवर अजून फडकं बांधलेलं होतं आणि कृतिका तिकडे बघतही नव्हती. ती बघत होती त्या चट्ट्यांच्या जागेकडे.

दाजींनी एकदा खोडाकडे बघितलं, मग मान वर करून खिडकीकडे. पुष्पलताबाईंच्या हातात डाव होता, डावातून आमटी गॅसवर गळत होती. नजरेला नजर भिडली. मग दाजी खाली बघून म्हणाले, "माजाच हात लागला पोरी. म्हातारा हाय, दिसत न्हाय नीट."

"दिसत नाही म्हणून? तुम्हाला कशाचीच किंमत नाही, आजोबा. शेतं विकलीत तसंच हे. मी परत या अंगणात येणार नाही."

ती गेली. दाजी तसेच उभे. आता खाली जाऊन सांगावं, असं पुष्पलताबाईंना अगदी मनापासून वाटलं. पण आधी गॅस पुसावा म्हणून त्यांनी गॅस पुसला. मग यजमानांचा नाश्ता, मग पोथी. पोथी झाल्यावर सांगू म्हटलं तर कृतिका कॉलेजला गेली होती. संध्याकाळी तिची आई घरात होती, तिच्यासमोर कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी गुरुवार. असं एकेक कारण देवाच्या कृपेने मिळतच गेलं.

दोन दिवसांनी त्या दाजींकडे गेल्या. वाटीत लसणीची चटणी नेली होती, रिकाम्या हाती जाववेना.

"दाजी, तुम्ही असं का सांगितलंत?"

"मंग काय सांगू? तुज्या हातची भाकर खाऊन वाडलीय ती पोर. तुज्यावर रुसली तर जेवंल कुठं?"

"आणि तुमच्यावर रुसली ती?"

"मना काय. मी देवीशी बोलतो." दाजी हसले, पण कट्ट्यावरची त्यांच्या बाजूची जागा, जिथे कृतिका बसायची, तिथे त्यांनी उगाच हाताने धूळ झटकली. "आता सांगून काय ते उगवनार हाय? गप ऱ्हा."

गप राहा असं दाजींनीच सांगितलं, याने त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याची जिन्याच्या दुसऱ्या वळणावर इतकी लाज वाटली की त्या तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्याच दिवशी त्यांनी पडदा लावला. संध्याकाळची प्रदक्षिणा गुडघा दुखतो म्हणून बंद केली. देवीला तोंड दाखवायला नको म्हणून झोपतानासुद्धा अंगणाकडे पाठ करू लागल्या.

आणि मोरपंखी? ती वाचली. तांबूस अंगाला चार दिवसांत हिरवे कोंब दिसू लागले. येणारा-जाणारा म्हणायचा, दाजी, झाड मस्त सुधारलं. दाजींनी लावलेला देवीचा चुना पांढरा शुभ्र होता आणि खोडावरच्या लेपाला मोरचुदाची निळी झाक होती. ज्याने नीट बघितलं असतं त्याला कळलं असतं की हे दोन वेगळे हात आहेत. पण नीट बघायला तिथे येणारी एकच होती, आणि ती येत नव्हती.

पाण्याचं भांडं अजून हातातच होतं, तोवर बेल वाजली. यजमानांनी दार उघडलं. "ये ये कृतिका. काकू मसाल्यात बुडालीय."

कृतिका आत आली, नेहमीसारखी ओट्याला टेकली. डोळ्यांखाली काळं पडलेलं. "काकू, थोडं दगडफूल देता का? मूठभर. प्रोजेक्टच्या चार्टवर लावायचंय."

"कशाला?" पुष्पलताबाईंच्या तोंडून उगाच निघालं.

"एका बाजूला मोरपंखीची फांदी लावलीय. दुसऱ्या बाजूला काय लावू? मॅडम म्हणाल्या, फोटोवरून नाव सांगता येणार नाही. दुर्मीळ होतं की नेहमीचंच होतं, काय होतं, आता कधीच कळणार नाही. मग लावते मसाल्यातलं." तिने सुपातली एक पापडी उचलली. "हे काय बाजारात किलोवर मिळतं."

"उद्या पालखी आहे," पुष्पलताबाई म्हणाल्या. "दाजींच्या अंगणात रांगोळी तूच काढतेस दरवर्षी."

"यंदा काढेल कुणीतरी. नाहीतर ओतू दे त्यांना चुना."

हे ती हसत बोलली, आणि ते हसणंच पुष्पलताबाईंना सोसवेना. ही त्यांच्या मांडीवर पाढे म्हटलेली पोर. असं तोडून बोलणं तिच्यात नव्हतं. ते आता आलं होतं, आणि कुणामुळे आलं होतं ते स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या एकाच बाईला माहीत होतं.

"कृतिका, तो चुना दाजींनी नाही लावला."

"मग?"

"मी लावला."

यजमानांचा पेपर खाली आला. कृतिका पापडी हातात धरून उभी.

"झाड वाळत होतं गं. मला वाटलं, तुझं ते वरचं. ह्याच्यासारखं दिसणारं. त्याला मी फडकं बांधलं, थेंब लागू दिला नाही. खालचं मला खरूज वाटली."

"वरचं सगळीकडे असतं काकू."

"आता कळलं. तू ओरडलीस तेव्हा कळलं."

"ओरडले तेव्हा तुम्ही ऐकत होता?"

"इथेच उभी होते. डाव हातात घेऊन."

"सगळं ऐकलंत? शेतं विकलीत, तेसुद्धा?"

"हो."

"आणि?"

"आणि काही नाही. गॅस पुसला."

कृतिकाने ती पापडी सुपात परत ठेवली. निवडलेल्यात नाही, न निवडलेल्यात. तिचा चेहरा लाल झाला. "मला तुमच्यावर ओरडता येत नाहीये काकू. बघा ना. त्यांच्यावर कसं लगेच आलं." मग ती म्हणाली, "लायकेन गेलं ते मी सोसलं असतं हो. चुकून झालं म्हटलं असतं. पण ते माझी वाट बघत रोज कट्ट्यावर बसत होते, आणि मी मागच्या गेटने जात होते. तेही दिसलं असेल ना तुम्हाला?"

"पडदा लावला होता मी," पुष्पलताबाई म्हणाल्या.

कृतिका दगडफूल न घेताच गेली. तिचं घर वरच्या मजल्यावर. पण जिन्यात चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

"मला तरी सांगायचंस," यजमान हळूच म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही समजूत घातली असती. मग मी कधीच सांगितलं नसतं."

त्यांनी ओट्याशी जाऊन पडदा बाजूला सारला. खाली कृतिका अंगणाच्या तोंडाशी उभी होती, आत पाऊल न टाकता. दाजी कट्ट्यावर. दोघांपैकी कोण आधी बोललं ते वरून कळलं नाही. मग दाजी कट्ट्यावर थोडे सरकले आणि त्यांनी हाताने जागा झटकली. कृतिका बसली नाही. ती मोरपंखीपाशी गेली, निळसर लेपावर एक बोट फिरवलं, बोट बघितलं, मग वाकून दाजींच्या पायांना हात लावला. दाजींनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि वर खिडकीकडे बघून हात झटकून खुणावलं, सांगितलंस ना शेवटी, गप राहा म्हटलं होतं तरी.

पुष्पलताबाई या वेळी बाजूला झाल्या नाहीत. डोळे भरले होते तरी उभ्या राहिल्या. मोरपंखी वाऱ्यावर डोलत होती, हिरवीगार, तिला काय. आणि कमरेच्या उंचीवरची ती जागा गुळगुळीत, निळसर, स्वच्छ. तिथे आता आपल्या आयुष्यात तरी काही उगवायचं नाही, हे त्यांना कळत होतं. देवीला नारळ फोडून ते फिटणारं नव्हतं.

"रांगोळी आहे का वर?" खालून कृतिकाने विचारलं. काकू म्हटलं नाही. आवाज कोरडाच होता. "इथल्या डब्यात मूठभरच आहे."

घरात रांगोळी होती, पण थोडी. अंगणभर पुरली नसती.

"आणते," पुष्पलताबाई खिडकीतून म्हणाल्या.

दगडफूल सुपात तसंच निम्मं राहिलं. त्यांनी त्यावर ताट झाकलं, खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि नाक्यावरच्या दुकानातून पांढरी रांगोळी आणायला निघाल्या.